पान ऑक्टोबरात पिवळं, कारण जुलैतलं

ऑर्किडचं पान पिवळं पडू लागलं की घरोघरी दोनच उपाय होतात. पाणी वाढवायचं आणि चमचाभर खत टाकायचं. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात या दोन उपायांइतकी हानी दुसरं काही करत नसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पिवळं पान काही मागत नसतं. झाडात आधी घडून गेलेल्या गोष्टीची ती उशिरा लागलेली नोंद असते, आणि इथल्या हवामानात ती गोष्ट बहुतेक वेळा पानात नाही तर मुळात घडलेली असते, तीही पावसाळ्यात. म्हणून पान पिवळं दिसताक्षणी हातातली झारी खाली ठेवायची आणि कुंडीत डोकावायचं, हा पहिला उपाय. तो इतका साधा आहे की कोणाला उपाय वाटत नाही. पण त्यामागचं कारण नीट समजून घेतलं तर औद्योगिक वसाहतीतल्या क्वार्टरच्या गॅलरीत टांगलेली कुंडी आणि आंबेनळी घाटातल्या झाडावरची आमरी, म्हणजे रानातली ऑर्किड, यांच्यातला फरकही उलगडतो.

आधी पिवळेपणा म्हणजे काय ते पाहू. पानातलं हरितद्रव्य मोडलं की त्याच्या आड दडलेली पिवळी रंगद्रव्यं दिसू लागतात. ती नव्यानं तयार झालेली नसतात, आधीपासून तिथेच असतात. झाड म्हाताऱ्या पानातलं हरितद्रव्य स्वतःहून मोडतं, कारण त्यातला नायट्रोजन आणि मॅग्नेशियम काढून नव्या पानाला, मुळाला किंवा फुलाच्या दांड्याला द्यायचा असतो. बाजारात सर्वांत जास्त विकल्या जाणाऱ्या फॅलिनॉप्सिसचं सगळ्यात खालचं एखादं पान सावकाश, सारखं पिवळं होऊन गळतं, तेव्हा हेच चाललेलं असतं. वरची पानं ताठ आणि हिरवी असतील तर तिथे करण्यासारखं काही नाही. असं पान ओढून काढू नये. ते पूर्ण वाळेपर्यंत झाड त्यातून वसुली करत असतं, शिवाय ओढल्यानं झालेली जखम बुरशीला वाट करून देते. पण पिवळेपणा वरच्या कोवळ्या पानांपासून सुरू झाला, किंवा दोन-तीन पानं एकाच वेळी पिवळी पडली, तर ते म्हातारपण नव्हे. कोवळं पान पिवळं आणि त्याच्या शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर लोह पोचत नाही असं समजावं, कारण लोह जुन्या पानातून नव्या पानाकडे हलत नाही. उन्हाकडच्या बाजूचं पान तेवढंच पिवळट, मग पांढुरकं, मग तपकिरी झालं, तर ती उन्हाची भाजणी. पिवळ्या भागात पाणी भरल्यासारखा मऊ डाग असेल आणि त्याला घाण वास येत असेल, तर तो जिवाणूंचा कुजवा. रंग एकच असला तरी कोणतं पान, कुठून सुरुवात, किती वेगानं, यावरून अर्थ पार बदलतो. म्हणूनच ‘पान पिवळं पडलं, काय घालू?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

आता मुळांकडे येऊ. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळाभोवती मेलेल्या पेशींचं एक जाड, सच्छिद्र वेष्टन असतं. कोरडं असताना ते चंदेरी-करडं दिसतं, पाणी लागलं की काही क्षणांत हिरवं होतं. हिरवं होतं कारण ओल्या वेष्टनातून आतला हिरवा थर दिसू लागतो. अनेक ऑर्किडांची मुळं पानांसारखी अन्नही तयार करतात. हे वेष्टन पावसाची सर आली की पाणी टिपून घेतं, सर थांबली की वाऱ्यानं सुकतं, आणि सुकलं की आतल्या जिवंत पेशींना हवा मिळते. भिजणं आणि सुकणं, हा या मुळाचा श्वास आहे. वेष्टन दिवसरात्र पाण्यानं भरलेलं राहिलं तर हवेच्या जागा बंद होतात, आतलं मूळ गुदमरतं, आणि गुदमरलेल्या मुळावर बुरशी सहज बसते. महाडला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शेजारच्या महाबळेश्वराला तर ५५०० मिलिमीटरच्या पुढे. ज्या नेदरलँड्समध्ये फॅलिनॉप्सिसच्या कुंडीची शेती कारखान्याच्या शिस्तीनं वाढली, तिथे वर्षभरात साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बारा महिन्यांत वाटून, आणि झाडं काचघरात असल्यानं त्याच्याशीही त्यांचा संबंध नसतो. ‘आठवड्यातून एकदा पाणी’ हा कुंडीबरोबर येणारा सल्ला अशा घरातल्या हवेसाठी आहे, जिथे कुंडीत मुळांभोवती भरलेलं मॉस आठवडाभरात खरोखर सुकतं. महाडच्या जुलैत मॉस सुकतच नाही. हवेतच एवढी वाफ असते की दोरीवरचे कपडे चार दिवस ओले राहतात. प्लास्टिकच्या कुंडीत ठासून भरलेलं मॉस तीन-तीन आठवडे ओलं राहिलं तर नवल नाही. त्यात वरून आठवड्याचं पाणी आणि गॅलरीच्या जाळीतून आत येणारी झड.

आता मुख्य मुद्दा. मूळ मेल्याची बातमी पानाला लगेच कळत नाही. ऑर्किडची पानं जाड, पाण्याचा साठा बाळगणारी असतात. फॅलिनॉप्सिससारखी झाडं पानावरची रंध्रं दिवसा मिटून रात्री उघडतात, त्यामुळे पाणी फार काटकसरीनं खर्च होतं. पावसाळी हवेत तो खर्च आणखी कमी. जुलैत अर्धी मुळं कुजली तरी ऑगस्टभर झाड टवटवीत दिसतं. मग पाऊस सरतो, सप्टेंबरअखेर आकाश मोकळं होतं, ऑक्टोबरचं ऊन तापतं, आणि पाण्याची मागणी एकदम वाढते. मागणी आहे, पुरवठा करणारी मुळं नाहीत. तेव्हा पानं सुरकुततात, लुळी पडतात, पिवळी होतात. पाहणाऱ्याला वाटतं, ऊन वाढलं, झाडाला तहान लागली. तो पाणी वाढवतो. उरलेली चार मुळंही जातात. सुरकुतलेलं पान हे तहानेचं लक्षण असतंच, पण तहान दोन तऱ्हेची. कुंडी कोरडी आणि मुळं चंदेरी, घट्ट असतील तर पाणी कमी पडलं. कुंडी ओली आणि मुळं तपकिरी, पोकळ असतील तर पिणारंच कोणी उरलेलं नाही. दोन्हींत पान अगदी सारखं दिसतं. हा उलगडा कुंडी उघडल्याशिवाय होत नाही.

यावर एक जोरदार आक्षेप आहे, आणि तो या भागातला कोणीही घेईल. पोलादपूरहून आंबेनळी चढताना किंवा महाडहून वरंध्याकडे जाताना आंबा, ऐन, जांभूळ अशा झाडांच्या फांद्यांवर आमऱ्या लगडलेल्या असतात. चार महिने त्यांच्यावर कुंडीपेक्षा कितीतरी जास्त पाणी कोसळतं. जास्त पाण्यानं ऑर्किड मरत असती तर सह्याद्रीत एकही उरली नसती. आक्षेप बरोबर आहे, फक्त तो पाण्याच्या मोजमापाविषयी आहे आणि मुळाला महत्त्व वेळेचं. फांदीवरचं मूळ सालीला चिकटलेलं, उघड्यावर असतं. पाणी त्याच्यावरून वाहून जातं, साचत नाही. दोन सरींच्या मधल्या वाऱ्यात ते सुकू लागतं. दिवसातून वीस वेळा भिजूनही त्याला वीस वेळा हवा मिळते. कुंडीतलं मूळ एकदाच भिजतं आणि महिनाभर भिजलेलंच राहतं. दुसरा फरक झाडाच्या ठेवणीत आहे. रानात अशी रोपं खोडावर कलती किंवा लोंबती वाढतात, त्यामुळे पानांच्या बेचक्यात पडलेलं पाणी ओघळून जातं. आपण तेच झाड कुंडीत सरळ उभं करतो, आणि पोग्यात पाणी साठतं. नारळाच्या बागायतदाराला पोगा कुजणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. माडाचा पोगा कुजवणारी फायटोप्थोरा पाल्मिव्होरा हीच ऑर्किडचा काळा कुजवाही करते. एकदा पोगा गेला की फॅलिनॉप्सिससारख्या एकाच टोकानं वाढणाऱ्या झाडाला बहुधा पुढे वाढ नाही. तेव्हा रानातल्या आमरीचं उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. पावसाळ्यात कुंडी कशी असावी, हेच ते दाखवतं: मॉसऐवजी लाकडी कोळशाचे आणि विटेचे तुकडे, धुऊन घेतलेल्या नारळाच्या सोडणाचे तुकडे बेतानं, भोकं भरपूर, आणि झाड थोडं कललेलं. आंब्या-फणसाच्या सालीच्या फळकुटावर बांधलं तर आणखी बरं, मात्र उन्हाळ्यात त्याला रोज पाणी द्यावं लागतं.

रानातली आमरी आणखी एक गोष्ट शिकवते, ती म्हणजे पिवळं पडणं हे काही जातींचं वेळापत्रकच असतं. सह्याद्रीतली पांढऱ्या फुलांची डेंड्रोबियम बार्बाट्युलम पाऊस संपला की पानं पिवळी करून टाकून देते आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास निष्पर्ण कांड्यांवर फुलते. माळावरच्या हबेनारियासारख्या जमिनीतल्या ऑर्किडांची तर पावसाळा सरल्यावर सगळी पाती वाळतात आणि जमिनीखालचा कंद तेवढा उरतो. दुसरीकडे सीतेची वेणी ही आमरी बारमाही हिरवी असते आणि मे-जूनच्या सुमारास फुलते; तिची पानं हिवाळ्यात धडाधड पिवळी पडली तर काळजी करायला हवी. सान्तापाव आणि कपाडिया यांचं मुंबई राज्यातल्या ऑर्किडांवरचं १९६६ सालचं पुस्तक जाणकार आजही उघडतात, कारण प्रत्येक जातीचा बहर आणि तिची ठेवण माहीत असल्याशिवाय तिचं आरोग्य ठरवता येत नाही. पानगळीच्या डेंड्रोबियमला नोव्हेंबरात पानं पिवळी पडली म्हणून पाणी-खत दिलं तर फूल येत नाही आणि कांडी कुजते. बाजारातल्या थायलंडकडच्या संकरित डेंड्रोबियमला मात्र हा नियम लागत नाही. ती हिरवी राहते, तिच्या जुन्या कांड्यांची पानं तेवढी हळूहळू जातात. म्हणून विकत घेतानाच जात विचारून घ्यावी.

आता महाडात हमखास निघणारा दुसरा आक्षेप: इथे कारखाने आहेत, हवा खराब आहे, पानं पिवळी पडणारच. ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. महाडची औद्योगिक वसाहत प्रामुख्यानं रासायनिक कारखान्यांची आहे, आणि सावित्री नदीच्या पाण्याविषयीच्या तक्रारी काही काल्पनिक नाहीत. वायुप्रदूषणानं पानांना इजा होते हेही पक्कं आहे. सल्फर डायऑक्साइडनं शिरांच्या मधला भाग विरंजित होतो, फ्लोराइडनं पानांची टोकं आणि कडा जळतात. इथिलीनचा परिणाम ऑर्किडच्या पानांपेक्षा फुलांवर आधी दिसतो. कळ्या गळतात, उमललेली फुलं अवेळी मिटतात. पण या यादीतच शंकेचं उत्तर आहे. प्रत्येक वायूची खूण वेगळी आहे, आणि खालचं पान सारखं पिवळं होऊन मुळं कुजणं ही यातल्या कशाचीच खूण नाही. शिवाय हवा कुंडी निवडत नाही. वाऱ्यानं आलेल्या वायूनं इजा केली तर तीच खूण त्याच आठवड्यात शेजारच्या जास्वंदीवर, आंब्यावर, समोरच्या इमारतीतल्या मोगऱ्यावरही दिसायला हवी, आणि वाऱ्याच्या बाजूला जास्त. ऑर्किडच्या जाड, मेणचट आणि दिवसा रंध्रं मिटणाऱ्या पानांपेक्षा पातळ पानांची झाडं आधी करपायला हवीत. झाडांच्या सालीवरची दगडफुलाच्या जातीची लायकेन दूषित हवेला ऑर्किडपेक्षा फार हळवी असते. जुन्या झाडांच्या सालीवरून ती नाहीशी झाली असेल तर ती खूण ऑर्किडच्या एका पानापेक्षा कितीतरी भक्कम. परिसरातल्या अनेक जातींच्या झाडांवर एकाच वेळी इजा दिसली, तर तारीख, वेळ, वास आणि छायाचित्रांसह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करावी; ती करण्याचा नागरिकांना पूर्ण हक्क आहे. पण एकाच कुंडीतलं एकच झाड पिवळं पडलं असेल, तर कारखान्याकडे बोट दाखवल्यानं कुंडी उघडायची राहून जाते, आणि खऱ्या तक्रारीचं वजनही कमी होतं.

पाण्याचा प्रश्न हवेपेक्षा जास्त घरगुती आहे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते कुंड्यांना घातलं जातं. त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. ऑर्किडला ते घातलं की कोळशावर, कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागतो, मुळांची टोकं काळी पडतात, पानांची टोकं जळतात. ते पाणी लादी पुसायला वापरावं. पावसाचं पाणी सर्वांत चांगलं, फक्त वसाहतीच्या परिसरात पहिल्या काही सरींचं पाणी छपरावरच्या धुळीसह वाहून जाऊ द्यावं आणि नंतरचं झाकणाच्या पिंपात साठवावं. खताचंही तसंच. एकोणीस-एकोणीस-एकोणीससारखं विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम पुरतं, तेही मुळं वाढत असतानाच. ताक, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं यांचं कुंडीत काहीच काम नाही. ऑर्किडच्या माध्यमात ती कुजतात, आणि कुजणं हेच तर टाळायचं आहे. पानं पिवळी पडली म्हणून मॅग्नेशियम सल्फेटची चिमूटही सरसकट टाकू नये.

मग कुंडी उघडल्यावर काय करायचं? झाड हलक्या हातानं काढून माध्यम झटकावं आणि प्रत्येक मूळ बोटांत दाबून पाहावं. घट्ट, पांढरट किंवा हिरवं मूळ जिवंत. दाबलं की सालपट निसटून आत दोऱ्यासारखी तार उरते ते मेलेलं. वस्तऱ्याचं पातं आचेवर तापवून, गार होऊ देऊन मेलेली मुळं कापावीत, आणि पुढच्या झाडाला हात लावण्याआधी पातं पुन्हा तापवावं. हा सोवळेपणाचा अतिरेक नव्हे. सिम्बिडियम मोझॅकसारखे विषाणू रसाबरोबर पात्यावरून पसरतात आणि त्यांच्यावर औषध नाही. पानांवर पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची नक्षी असलेलं झाड वेगळं ठेवणं, जमल्यास टाकून देणं, हाच त्यावरचा इलाज. कापलेल्या टोकाला दालचिनीची पूड लावतात. ती जखमेपुरतीच लावावी, कारण ती निरोगी मुळालाही सुकवते. मग झाड कोरड्या कोळशात बसवून दोन-तीन दिवस पाणी न देता सावलीत, हवेशीर जागी ठेवावं. वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पेटीसमोर मात्र नको, तिथला गरम झोत पानातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतो. खत नवी मुळं दिसेपर्यंत बंद. मऊ, वाहणारा कुजवा असेल तर थांबण्याची सोय नाही. डागापलीकडच्या निरोगी भागातून पान त्याच दिवशी कापावं आणि झाड पावसाच्या वाऱ्याबाहेर न्यावं. सुपारीच्या कोळे रोगासाठी कोकणात घरोघरी माहीत असलेलं बोर्डो मिश्रण किंवा ताम्रयुक्त औषध फॅलिनॉप्सिसवर जपून चालतं, पण डेंड्रोबियमला तांबं सोसत नाही, तिच्यावर ते फवारू नये. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले तर तो स्क्लेरोशियम, आणि त्या कुंडीतलं माध्यम पुन्हा वापरायचं नाही. पानाखाली पिठ्या ढेकूण, खवले कीड किंवा लाल कोळी असतील तर तेही पान पिवळं करतात, पण ठिपक्यांनी, सरसकट नाही.

‘उपाय करूनही पान हिरवं झालं नाही’ ही तक्रार यानंतर येतेच. पिवळं पडलेलं पान बहुधा हिरवं होत नाही. उपाय लागू पडला की नाही याचं माप पान नाही, मूळ आहे. हिरव्या किंवा तांबूस टोकाचं नवं मूळ बुंध्यातून डोकावलं की झाड वाचलं, मग वरची दोन पानं गेली तरी चालेल. याला महिना, दोन महिने लागतात, आणि त्या काळात काही न करण्याची तयारी लागते.

घाटातून आमरी उपटून आणणाऱ्यांना मात्र यातलं काहीच कामाचं नाही. सालीला चिकटलेली मुळं सोलून काढताना तुटतात, आणि जी वाचतात ती दुसऱ्या सालीला पुन्हा चिकटत नाहीत. झाड पानांतल्या साठ्यावर काही महिने काढतं, घरात ‘रुजली’ असं वाटतं, आणि मग पानं एकेक करून पिवळी पडतात. राखीव जंगलातून झाड काढणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि जगभरची ऑर्किड कुटुंबातली झाडं आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी ‘साइट्स’ कराराखाली येतात. वादळात तुटून पडलेल्या फांदीवरची आमरी वाचवायची असेल तर फांदीसकट जवळच्याच झाडाच्या बेचक्यात बांधून ठेवावी. गॅलरीसाठी रोपवाटिकेतलं, ऊतिसंवर्धनानं वाढवलेलं झाड घ्यावं, मेच्या मध्यापर्यंत त्याचं मॉस काढून कोळशात बसवावं, आणि जूनच्या पहिल्या झडीआधी जाळीपासून दोन हात आत सरकवावं.